स्टार प्लस इंग्रजी होतं तेव्हा

निरंजन_ठाणे

स्टार प्लस म्हटलं की आता सासूसुना आठवतात. हे चॅनेल एकेकाळी पूर्ण इंग्रजी होतं आणि हाँगकाँगहून चालायचं, असं ऑफिसातल्या पंचविशीतल्या मुलांना सांगितलं तर त्यांना थाप वाटते. त्या इंग्रजी स्टार प्लसचंच पुढे स्टार वर्ल्ड झालं. त्याची गोष्ट लिहितोय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल: हे चॅनेल ओटीटीनं (म्हणजे इंटरनेटवरून मालिका-सिनेमे दाखवणाऱ्या सेवांनी) मारलेलं नाही. ज्या हिशेबावर ते काढलं, तो हिशेब पहिल्या वर्षातच फसला होता. नंतरची सगळी वर्षं आवराआवरीची.

सुरुवात उपग्रहापासून करू, कारण तिथेच मजा आहे. फेब्रुवारी १९८४मध्ये चॅलेंजर यानातून वेस्टार ६ नावाचा अमेरिकी उपग्रह सोडला. त्याची मोटर नीट पेटली नाही आणि तो भलत्याच कक्षेत अडकून बसला. नोव्हेंबरात डिस्कव्हरीच्या अंतराळवीरांनी बाहेर पडून तो अक्षरशः हातांनी धरला आणि यानात घालून परत आणला. मग तो विकायला निघाला. हाँगकाँगच्या एशियासॅट कंपनीनं घेतला, डागडुजी करून घेतली, आणि एप्रिल १९९०मध्ये चीनच्या लाँग मार्च रॉकेटवरून तो एशियासॅट १ या नावानं पुन्हा वर गेला. आपल्या दिवाणखान्यात अमेरिका आणणारा उपग्रह सेकंडहँड होता.

एशियासॅटमध्ये एक मोठा हिस्सा हाँगकाँगचे उद्योगपती ली का-शिंग यांच्या हचिसन कंपनीचा. उपग्रहाच्या टप्प्यात पश्चिम आशियापासून जपानपर्यंत ३८ देश. एवढी जागा हाताशी आहे तर टीव्ही काढू, असं ठरलं आणि धाकटे चिरंजीव रिचर्ड ली यांनी १९९१मध्ये स्टार टीव्ही उभं केलं. पाच चॅनेलं: खेळांसाठी प्राइम स्पोर्ट्स, गाण्यांसाठी एमटीव्ही, बातम्यांसाठी बीबीसी, एक चिनी चॅनेल, आणि करमणुकीसाठी इंग्रजी स्टार प्लस. हे शेवटचं डिसेंबर १९९१मध्ये सुरू झालं.

आता तो हिशेब. आशियातल्या वरच्या पाच टक्के लोकांना इंग्रजी येतं, त्यांच्याकडे पैसा आहे, आणि घड्याळं, गाड्या, विमानकंपन्या यांच्या जाहिरातदारांना हेच लोक हवे आहेत. म्हणून एकच चॅनेल, एकच भाषा, सगळा खंड. प्रेक्षकाकडून दमडी घ्यायची नाही, कमाई जाहिरातीतून. कागदावर झकास. पण खुद्द हाँगकाँगनं परवान्यात अट घातली की कँटोनीज भाषेत कार्यक्रम करायचे नाहीत, म्हणजे तिथल्या जुन्या दोन चॅनेलांच्या पोटावर पाय येणार नाही. सिंगापूर आणि मलेशियात खाजगी डिशवर बंदी. म्हणजे ज्या श्रीमंत, इंग्रजी जाणणाऱ्या शहरांसाठी हा घाट घातला, तिथेच दारं बंद! बघणारे निघाले तैवानमधले आणि भारतातले, जिथे गल्लीबोळात वायरी टाकणारे लोक आधीपासून तयार होते.

आपल्याकडे ऐंशीच्या दशकातच मुंबईत व्हीसीआरवरून अख्ख्या बिल्डिंगला सिनेमे दाखवणारे होते. १९९१च्या जानेवारीत आखाती युद्ध झालं, पंचतारांकित हॉटेलांत सीएनएन दिसायला लागलं, आणि गच्चीवर छत्री (म्हणजे डिश अँटेना) लावली की काय काय उतरतं हे या मंडळींना कळलं. वर्ष संपेपर्यंत स्टार हजर. सिग्नलला कुलूप नाही, भाडं नाही. माल फुकट, वर्गणी आपली. असा धंदा कोण सोडेल?

मला सगळ्यात गमतीची वाटते ती वेळेची भानगड. सगळ्या खंडाला एकच प्रक्षेपण, आणि वेळापत्रक हाँगकाँगचं. तिथले रात्रीचे आठ म्हणजे आपले साडेपाच. त्यांच्या प्राइम टाइमला आपल्याकडे चहा चालू. त्यामुळे 'खास मोठ्यांसाठी' म्हणून ठेवलेल्या मालिका आपल्याकडे शाळेतून आलेली पोरं बघायची. मालिका तरी कुठल्या, तर बहुतेक अमेरिकेत शिळ्या झालेल्या. सांता बार्बरा, द बोल्ड अँड द ब्यूटिफुल, बेवॉच, ऑप्रा विन्फ्रींच्या गप्पा, आणि ब्रिटनचं क्रिस्टल मेझ.

मग ऑक्टोबर १९९२. उद्योजक सुभाष चंद्रांनी त्याच उपग्रहावर भलंमोठं भाडं भरून ट्रान्सपाँडर (सिग्नल पृथ्वीवर परत पाठवणारं यंत्र) घेतला आणि झी टीव्ही सुरू केलं. छत्री तीच, वायर तीच, केबलवाला तोच, फक्त भाषा हिंदी. माझ्या मते इंग्रजी स्टार प्लसचा निकाल त्या महिन्यात लागला. ज्या रस्त्यानं पाच टक्क्यांची गाडी यायची होती, त्या रस्त्यावरून उरलेले पंचाण्णव टक्के आले.

जुलै १९९३मध्ये रूपर्ट मर्डॉक यांच्या न्यूज कॉर्पोरेशननं स्टारचा जवळजवळ ६४ टक्के हिस्सा ५२.५ कोटी डॉलरला घेतला. सप्टेंबरात त्यांनी लंडनमध्ये भाषण ठोकलं की दळणवळणाचं नवं तंत्रज्ञान म्हणजे हुकूमशाही राजवटींना उघड धोका. ऑक्टोबरात चीननं खाजगी डिशवर बंदी घातली. एका वाक्याची एवढी किंमत टीव्हीच्या इतिहासात क्वचितच कुणी मोजली असेल. चीनला खूश करायला १९९४मध्ये उपग्रहाच्या उत्तरेकडच्या झोतावरून बीबीसी काढून टाकलं. आपल्याकडे दक्षिणेकडच्या झोतावर ते राहिलं.

झीमध्ये स्टारनं जवळजवळ निम्मी भागीदारी घेतली होती, आणि त्यापायी हिंदीच्या बाबतीत स्टारचे हात बांधलेले. तरी १९९६पासून स्टार प्लसमध्ये हिंदी कार्यक्रम शिरायला लागले. दूरदर्शनचे महासंचालक राहिलेले रतिकांत बसू त्याच वर्षी स्टारमध्ये आले होते. १९९९मध्ये झीनं स्टारचा हिस्सा परत घेतला. हात सुटले. ३ जुलै २००० रोजी कौन बनेगा करोडपती आणि क्योंकि सास भी एकाच रात्री सुरू झाल्या, आणि इंग्रजी बाडबिस्तरा स्टार वर्ल्डवर हलवला. पुढचं प्रतिसादांत येईलच.

---

मीरा_प

मस्त धागा. सांता बार्बराची दुपार आमच्याकडे ठरलेली असायची. आजीला इंग्रजीचा गंध नव्हता, पण कोण कुणाचा नवरा आणि सध्या कुणाबरोबर फिरतोय हे तिला आमच्यापेक्षा पक्कं ठाऊक. "ही भवानी परत आली का?" हे तिचं समालोचन. तेव्हा वरच्या पाच टक्क्यांचं सोडा, आमची आजी चौथी पास होती.

---

छत्रीवाला_परळ

मी तेव्हा याच लाइनीत होतो, म्हणून थोडी भर घालतो. एशियासॅट १ होता १०५.५ अंश पूर्वेला. मुंबईतून छत्रीचं तोंड आग्नेयेला करायचं, साधारण पंचेचाळीस अंश वर. समोर उंच बिल्डिंग असली की संपलं, दुसरी गच्ची शोधा. सी बँडचा सिग्नल, छत्री चांगली दहा-बारा फुटी लागायची. पावसापेक्षा वाऱ्याची भीती. जाळीची छत्री वाऱ्यानं जरा हलली की चित्रात मुंग्या.

लोकांना वाटायचं छत्री लावली की सगळं दिसतं. तसं नसतं. दर चॅनेलमागे सिग्नल पकडणारा एक रिसीव्हर आणि तो वायरीत सोडणारा एक मॉड्युलेटर. पाच चॅनेलं दाखवायची तर पाच जोड्या. पैसे कमी असले की एका जोडीवर दोन चॅनेलं आळीपाळीनं: दुपारी स्टार प्लस, रात्री प्राइम स्पोर्ट्स. झी आलं तेव्हा नवा सेट घ्यायला पैसे नव्हते म्हणून बऱ्याच जणांनी काय केलं असेल ओळखा. बीबीसी काढलं आणि त्या जागी झी लावलं. चीनच्या आधी आम्ही!

---

निरंजन_ठाणे

@छत्रीवाला_परळ दंडवत! हे कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही.

---

अण्णा_सातारकर

लेख चांगला आहे, पण सगळा पुण्यामुंबईच्या चष्म्यातून. आमच्याकडे १९९२मध्ये वीज संध्याकाळी असली तर दिवाळी. तालुक्याला केबल आली तेव्हा लोकांनी घेतली ती सिनेमांसाठी. केबलवाला रोज रात्री व्हीसीआरवर मराठी पिक्चर लावायचा, त्याचे पैसे लोक देत. स्टार प्लस वायरीबरोबर फुकट यायचं. कोणी बघायचं नाही. बेवॉच सोडून. तेव्हा 'अमेरिका दिवाणखान्यात आली' वगैरे जरा आवरतं घ्या. दिवाणखाने किती जणांकडे होते?

---

मीरा_प

अण्णा, बेवॉच सोडून =))

---

नूडल_सिंगापुरी

सिंगापूरहून. निरंजननं लिहिलंय ते खरंच आहे, इथे खाजगी डिश नाही म्हणजे नाही. केबल अधिकृतपणे आली तेव्हा त्या पॅकमध्ये स्टार वर्ल्ड होतं. इथल्या मराठी घरांत ते बघितलं जायचं ते गंमत म्हणून नाही, तर पोरांचं इंग्रजी आणि आपलं इंग्रजी यातलं अंतर कमी करायला! १ ऑक्टोबर २०१७ला एका रात्रीत नाव बदलून फॉक्स लाइफ झालं. २०१९मध्ये डिस्नेनं फॉक्स घेतलं, आणि १ ऑक्टोबर २०२१ला आग्नेय आशिया आणि हाँगकाँगमधली डिस्नेची १८ चॅनेलं एकदम बंद. त्यात फॉक्स लाइफ पण. आदल्या रात्रीपर्यंत नेहमीचे कार्यक्रम चालू होते.

आता मुद्द्याचं. डिस्नेनं सांगितलं कारण तर ओटीटीच होतं ना? सगळा माल डिस्ने प्लसवर न्यायचा म्हणून चॅनेलं बंद. मग 'ओटीटीनं मारलं नाही' कसं?

---

निरंजन_ठाणे

@नूडल_सिंगापुरी, दिवा ओटीटीनं मालवला, हे कबूल. पण तेल कधीच संपलेलं होतं. २०००नंतर स्टारचा पैसा हिंदीतून आला, मग तमिळ, बंगाली, मराठी. स्टार प्रवाह २००८चं. इंग्रजी चॅनेल ठेवलं होतं ते पुरवणीसारखं, जाहिरातदाराला 'आमच्याकडे हेही आहे' म्हणून दाखवायला. तोट्यात चाललेलं दुकान बंद करायला ओटीटी हे सोयीचं निमित्त.

---

कोकणकडा

एका गोष्टीचा उल्लेख राहिला. १९९५मधला निकी टुनाइट. स्टार प्लसनं इथे बनवलेला इंग्रजी गप्पांचा कार्यक्रम. त्यात एका पाहुण्यानं महात्मा गांधींबद्दल शिवी वापरली आणि ती तशीच प्रक्षेपित झाली. संसदेत गदारोळ, कोर्टकचेरी, माफी, कार्यक्रम बंद. तोवर सरकारदरबारी प्रश्न असा होता की हाँगकाँगहून येणाऱ्या सिग्नलला भारताचा कुठला कायदा लावायचा? केबल कायदा त्याच वर्षीचा, आणि त्यानं पकडलं कुणाला, तर आकाशातल्या चॅनेलला नाही, गल्लीतल्या केबलवाल्याला. दाखवायचं ते दाखवणारा परदेशात, आणि दंडाची भीती परळच्या गच्चीवर.

---

छत्रीवाला_परळ

अगदी. चौकीवर बोलावणं आम्हाला यायचं. आम्ही काय सांगणार, साहेब, हे हाँगकाँगला बोला?

---

स्वाती_बाणेर

२०००नंतरचं स्टार वर्ल्ड हे माझं कॉलेज. फ्रेंड्स किती वेळा लागलं असेल याला गणतीच नाही. स्टार वर्ल्डवर संपलं की झी कॅफेवर सुरू (हे आधी झी इंग्लिश होतं, २०००मध्ये आलेलं). आणि कॉफी विथ करण! तेही २००४मध्ये स्टार वर्ल्डवरच सुरू झालं. हिंदी सिनेमातले लोक इंग्रजीत एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढतात, हा त्या चॅनेलचा सर्वात भारतीय कार्यक्रम. त्याआधी सिमी गरेवालचं पांढरंशुभ्र रॉन्देव्हू. निरंजन यांचा मुद्दा इथे उलटा लागू होतो असं मला वाटतं. इंग्रजी चॅनेल चाललं ते इथल्या माणसांवर, अमेरिकेच्या नाही.

अपवाद फक्त मास्टरशेफ ऑस्ट्रेलिया. आमच्या सोसायटीतल्या काकू पनाकोटा (जिलेटिन घालून केलेला इटालियन गोड पदार्थ) करायला लागल्या त्यामुळे. जिलेटिन शाकाहारी असतं का यावर भिशीत झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही.

---

निरंजन_ठाणे

@स्वाती_बाणेर उलटा कसा, सुलटाच! माल अमेरिकेचा आणि चालतोय करण जोहर, यापेक्षा चांगला पुरावा मी कुठून आणणार?

---

बंड्या_मडगाव

गोव्यात जरा वेगळं चित्र. आमच्या वाड्यावर घराघरात इंग्रजी वाचणारी पिढी आधीपासून होती, त्यामुळे ऑप्रा आणि वंडर इयर्स बघायला पाच टक्के वगैरे लागत नसे. तरीही रात्री कोणी हिंदी मालिका सोडून स्टार वर्ल्ड लावलं असं फारसं आठवत नाही. टीव्ही एक, बघणारे सात. मत मोजलं की हिंदी जिंकणार.

---

फुल्याफुल्या

सगळे आठवणीत रमलेत, कोणी सेन्सॉरचं बोलत नाही. २००७च्या जानेवारीत जाहिरातींच्या एका चावट कार्यक्रमावरून केंद्राच्या माहिती-प्रसारण मंत्रालयानं एएक्सएन या इंग्रजी चॅनेलला दोन महिन्यांची बंदी घातली, माफी मागितल्यावर ती आधीच उठवली. त्यानंतर सगळी इंग्रजी चॅनेलं अशी टरकली की विचारू नका. संवादात आवाज गायब, खाली इंग्रजी सबटायटलमध्ये वेगळाच सोज्वळ शब्द, आणि ओठ मात्र मूळ शिवी देतायत. विनोद त्या शब्दातच असायचा, मग हसणारे प्रेक्षक ऐकू येणार आणि आपण बघत बसणार. माझ्या पिढीनं टोरेंटचा (चोरून डाउनलोड करण्याचा) रस्ता धरला तो फुकटेपणामुळे कमी, या कात्रीमुळे जास्त. शिवाय अमेरिकेत आज लागलेला भाग इथे यायला कित्येक महिने. २०१३मध्ये स्टार वर्ल्ड प्रीमियर एचडी काढून हे अंतर कमी करायचा प्रयत्न झाला, पण तोवर पाखरं उडालेली.

---

हिशेबनीस

ट्रायला (दूरसंचार नियामकाला) विसरू नका. फेब्रुवारी २०१९पासून नवी दरपद्धत. तेव्हा १३० रुपये अधिक कर भरून शंभर फुकट चॅनेलं मिळायची, बाकी प्रत्येक चॅनेलची किंमत छापील, हवं ते निवडा. त्याआधी इंग्रजी चॅनेल मोठ्या पॅकात कोंबून घरोघर पोचायचं, बघा नाहीतर नका बघू. निवडायची वेळ आली तेव्हा लोकांनी आपल्या भाषेची, खेळाची घेतली आणि इंग्रजीवर काट मारली. सोनीनं ३० जून २०२०ला भारतात एएक्सएन बंदच केलं. निरंजनरावांच्या बाजूनं मत देतो: ओटीटी नसतं तरी हेच झालं असतं.

---

अण्णा_सातारकर

हिशेबनीस बरोबर. आमच्या घरी यादी करताना इंग्रजी चॅनेलच्या नावापुढे कोणी टिक केली नाही. नातवानं पण नाही, तो मोबाइलवर बघतो.

---

नूडल_सिंगापुरी

म्हणजे ओटीटीच की हो अण्णा!

---

अण्णा_सातारकर

नातू कोरियन बघतो.

---

तारांगण

अवांतर, पण राहवत नाही. एशियासॅट १च्या जागी जाणाऱ्या एशियासॅट ३ची गोष्ट त्याहून भारी आहे. डिसेंबर १९९७मध्ये रशियाच्या प्रोटॉन रॉकेटवरून सोडला, शेवटच्या टप्प्यात घोळ झाला आणि वेड्यावाकड्या कक्षेत पडला. विमा कंपन्यांनी निकालात काढला. ह्यूज कंपनीनं तो ताब्यात घेऊन १९९८मध्ये चक्क चंद्राला दोनदा वळसा घालून आणला आणि कक्षा सरळ केली. चंद्राच्या गुरुत्वाकर्षणाचा असा उपयोग करणारा तो पहिला व्यापारी उपग्रह. स्टारला मात्र त्याचा उपयोग झाला नाही, १०५.५ अंशावरचं काम मार्च १९९९मध्ये सोडलेल्या एशियासॅट ३एसकडे गेलं.

---

छत्रीवाला_परळ

त्या बदलाच्या वेळी आमचं काम शून्य. जागा तीच असल्यामुळे छत्री हलवायचीच नव्हती. आधी सगळे घाबरलेले, मग कळलं की झोपून राहिलं तरी चालेल.

---

कोकणकडा

निरंजन, आता एक धागा चॅनेल व्हीवर होऊन जाऊ दे. १९९४मध्ये एमटीव्ही स्टारला सोडून गेलं आणि यांनी घरचं गाण्याचं चॅनेल काढलं, तिथेही हीच गोष्ट: आधी इंग्रजी, मग हळूहळू हिंदी.

---

निरंजन_ठाणे

चॅनेल व्हीवर मी लिहिणार नाही, आमच्याकडे ते लागलं की बाबा टीव्ही बंद करायचे. स्वाती किंवा फुल्याफुल्या यांनी मनावर घ्यावं. आणि छत्रीवाले, केबलच्या धंद्यावर स्वतंत्र धागा तुम्ही काढल्याशिवाय सुटका नाही. कंट्रोल रूमपासून सुरू करा.